खंडेनवमीच्या परातीतले दोन बोल्ट

रविवारी सकाळी साडेआठला मी बाबांची रायफल पुसायला घेतली आणि सवयीने बोल्टवरचा नंबर वाचला. शेवटचे दोन आकडे अठ्ठ्याऐंशी. आमच्या रायफलीचे एकतीस आहेत.

चष्मा पुसून पुन्हा वाचला. अठ्ठ्याऐंशीच.

बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागच्या बाजूचा सरकता दांडा. तो काडतूस नळीत ढकलतो आणि बार उडताना काडतुसाच्या बुडाला मागून टेकू देतो. हा टेकू त्या त्या रायफलीच्या मापाने घासून बसवलेला असतो, म्हणून जो नंबर रायफलीच्या अंगावर तोच बोल्टवर ठोकतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्टही बहुतेक वेळा सहज आत जातो, सहज फिरतो, काही वेगळं वाटत नाही. पण टेकू सैल राहिला तर काडतुसाची पितळ मागे ताणली जाते, फाटते, आणि तापलेला गॅस मागे येतो. मागे नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

अठ्ठ्याऐंशी नंबर कळव्याच्या काकांच्या रायफलीचा. म्हणजे त्यांचा बोल्ट आमच्याकडे होता आणि आमचा त्यांच्याकडे. आणि काका त्याच सकाळी टिटवाळ्यापलीकडच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले होते.

काका म्हणजे बाबांचे मित्र. मोहन्याच्या कारखान्यात दोघांनी तीस वर्षं एका खात्यात काढली. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातल्या दोन रायफली घेतल्या. मूळच्या लष्कराच्या थ्री-नॉट-थ्री. लष्करी बोअर, म्हणजे नळीचं माप, आपल्याला ठेवता येत नाही, म्हणून नळी काढून परवान्यात बसेल अशी नळी घातलेल्या. बाकी सगळं जुनं: लाकडी दस्त्यावरचे शिक्के, कारखान्याची खूण, मधेच कोणीतरी चाकूने कोरलेली आद्याक्षरं. ती आद्याक्षरं कोणाची असतील यावर दोघं अजून भांडतात.

परवान्यावर शस्त्रं मोजकीच बसतात, त्यामुळे यांचा संग्रह म्हणजे एक जाड वही. मुरबाड, शहापूरकडच्या शेतकऱ्यांकडे रानडुकरांसाठी ठेवलेल्या जुन्या बंदुका असतात. कोणाकडे तशी आहे असं कळलं की हे दोघं मोटारसायकलवरून जायचे, चहा प्यायचे, शिक्के वाचायचे आणि वहीत लिहायचे. कुठल्या साली बनली, कुठे दुरुस्त झाली, कुठला भाग मूळचा, कुठला नंतरचा. मी बारा वर्षांची असल्यापासून बरोबर जायची. लहान अक्षरं मला वाचता यायची म्हणून. पुढे नेम धरायलाही तिथेच शिकले. आता डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी खात्यात आहे. मापं घेणं आणि नंबर जुळवणं एवढंच माझं काम. सव्वीस वर्षं झाली.

हे सांगायचं कारण, त्या दोन बोल्टांची अदलाबदल कोणी केली हे मला लगेच कळलं होतं. मीच.

बाबांचं सरावाचं काडतूस काढलं. त्यात दारू नसते, फक्त माप असतं. ते नळीत घालून काकांचा बोल्ट बंद करून पाहिला. शेवटच्या पाव इंचाला अडला. जोर लावावा लागला. आमच्यात त्यांचा बोल्ट घट्ट. मग त्यांच्यात आमचा किती सैल बसणार, हे सांगायला मायक्रोमीटर लागत नाही.

काकांना फोन लावला. बंद. रायफल क्लबच्या सेक्रेटरींना लावला. बंद. रेंजवर फोन गेटवरच्या कपाटात ठेवावे लागतात, तसा नियमच आहे, आणि तो नियम व्हावा म्हणून काकांनीच भांडण केलं होतं.

"बाबा, बूट घाला," मी म्हटलं.

बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना दोन दिवस कणकण होती म्हणून ते रेंजवर गेले नव्हते. "कुठे जायचंय?"

"रेंजवर. काकांच्या रायफलीत आपला बोल्ट आहे."

बाबांनी पेपर खाली ठेवला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण काय, कसं, असं काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "त्याचा एकच डोळा आहे गं."

तेच माझ्या डोक्यात होतं. काकांचा डावा डोळा काचबिंदूने सहा वर्षांपूर्वी गेला. उजवा चांगला. त्यावर ते एकटे कळव्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, स्वयंपाक करतात, बाजार करतात, बँकेत जातात. नेमही त्याच डोळ्याने धरतात. आणि चष्मा लावून नेम धरत नाहीत. काच धुकट होते म्हणे.

निघायला सात मिनिटं गेली. नुसता बोल्ट घेऊन जाता येत नाही. तो शस्त्राचा भाग, कागद रायफलीचे. नाक्यावर कोणी पिशवी उघडली असती तर तिथेच अडकलो असतो. म्हणून अख्खी रायफल पेटीत, परवान्याचं पुस्तक, बाबांचं आधार कार्ड. बाबांच्या परवान्यावर माझंही नाव आहे, मी एकटी गेले असते तरी चाललं असतं. पण बाबा तोपर्यंत जिन्यात उभे होते, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात चप्पल.

"चप्पल बदला."

"चालेल."

"रेंजवर चप्पल घालून आत सोडत नाहीत. बदला."

गाडी काढली तेव्हा नऊला पाच कमी होते. काकांना क्लबच्या जीपने सकाळी साडेसातला कळव्याहून उचललं होतं. वर्षातली पहिली स्पर्धा. आधी नोंदणी, मग नियम वाचून दाखवणं, मग पहिली तुकडी. ज्येष्ठांची तुकडी तिसरी. मी हिशेब केला: साडेनऊ, फार तर पावणेदहा.

ठाकुर्लीपर्यंत रस्ता मोकळा होता. बाबा पेटीवर हात ठेवून मागच्या सीटवर बसले होते.

"खंडेनवमीला झालं असणार," ते म्हणाले.

"हो."

आमच्याकडे खंडेनवमीला दोन्ही रायफलींची पूजा एकत्र होते. एक वर्ष कळव्याला, एक वर्ष आमच्याकडे. आई असताना तिने अट घातली होती, बोल्ट काढल्याशिवाय बंदूक देवासमोर ठेवायची नाही. आई गेली, अट राहिली. रायफली पाटावर, बोल्ट शेजारी तबकात, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. या खेपेला पाळी आमची होती.

"माझीच चूक," बाबा म्हणाले. "हात थरथरतात हल्ली. मी घातले असतील उलटसुलट. मला आठवतही नाही, बघ."

मी गिअर बदलला.

त्यांना आठवत नव्हतं कारण त्यांनी ते केलंच नव्हतं. पूजेनंतर ते आणि काका गॅलरीत आद्याक्षरांवरून भांडत होते. बोल्टांच्या खाचांत कुंकू गेलं होतं. ते ओलं राहिलं तर गंज धरतो, म्हणून मी स्वयंपाकघरात एका परातीत वाटीभर डिझेल ओतलं, दोन्ही बोल्ट त्यात टाकले, ब्रशने घासले, पुसले आणि बाहेर येऊन दोन्ही रायफलीत सरकवले. नंबर पाहिला नाही. कारखान्यात माझ्या टेबलावर मोठ्या अक्षरात पाटी आहे: एका ट्रेत दोन जॉबचे भाग ठेवू नयेत. पाटी मीच लावली आहे. ती न पाळल्याबद्दल गेल्या वर्षी एकाला मेमोही दिला.

त्यानंतर आठवड्याच्या आत निवडणूक लागली आणि रायफली पोलीस ठाण्यात जमा झाल्या, आमची डोंबिवलीत, काकांची कळव्यात. जमा करताना आणि परत देताना तिथे रायफलीच्या अंगावरचा नंबर बघतात. बोल्ट कोणी बघत नाही. परत आल्यावर दोन्ही आपापल्या कपाटात. आज पहिला दिवस.

हे मी बाबांना गाडीत सांगू शकले असते. पत्री पुलावर सगळं थांबलं, तेव्हा तर वेळच वेळ होता. पुढे एक टेम्पो आडवा झाला होता. डावीकडे रिक्षा, उजवीकडे लग्नाची बस. बसमधला एक मुलगा माझ्याकडे बघून भुवया उडवत होता. नऊ वीस.

"खाली उतरून सांग त्यांना," बाबा म्हणाले.

"काय सांगू? बंदूक घेऊन घाईत चाललोय, वाट द्या?"

बाबांनी पेटी जवळ ओढली. थोड्या वेळाने म्हणाले, "तो मला माफ करणार नाही. बोलेल काहीच नाही. पण वहीत माझ्या नावाने लिहून ठेवेल."

मी तरीही काही बोलले नाही. कारण सांगायला सोपं आहे: गाडी चालवताना नको वाटलं. खरं ते नाही. बाबांनी चूक स्वतःवर घेतली तेव्हा मला बरं वाटलं होतं. ब्याऐंशीच्या माणसाच्या चुकीला लोक वय म्हणतात. बावन्नच्या तपासनीस बाईच्या चुकीला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

टेम्पो हलला. शहाडच्या पुलावर मी दोन ठिकाणी चुकीच्या बाजूने घुसले. एरवी असं करणाऱ्यांना मी काच खाली करून सुनावते. मोहन्याला कारखान्याच्या भिंतीजवळून जाताना बाबांनी नेहमीसारखं तिकडे बघितलं नाही. नऊ अडतीस.

रेंज म्हणजे एक जुनी दगडखाण आहे. तिन्ही बाजूंना कातळ, समोर मातीचा भराव, त्याच्या पुढ्यात टार्गेटं. गेटवर पोचलो तेव्हा लाल झेंडा वर होता आणि आतून बार ऐकू येत होते. झेंडा वर म्हणजे गोळीबार चालू, आत कोणी यायचं नाही. गेटवरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने हात आडवा केला.

"तुकडी संपू दे, ताई. पाच मिनिटं."

"कुठली तुकडी?"

"म्हाताऱ्यांची."

बाबांना आणि पेटीला तिथे सोडून मी आत पळाले. मागून तो ओरडत होता. पत्र्याच्या शेडखाली सहा चटया, सहा माणसं पालथी पडलेली. काका चौथ्या चटईवर. त्यांची पांढरी टोपी ओळखू आली. त्यांनी बोल्ट मागे ओढला, रिकामी पुंगळी उडून चटईवर पडली, नवीन काडतूस आत गेलं, बोल्ट पुढे, खाली. हनुवटी दस्त्यावर टेकली.

रेंजवर एक नियम असा आहे की धोका दिसला तर कोणीही, अगदी चहा आणणाऱ्यानेही, "सीज फायर" ओरडायचं. मग सगळ्यांनी थांबायचं, आधी थांबायचं आणि मग विचारायचं. चाळीस वर्षांत मी तो नियम वापरताना एकदाही पाहिला नव्हता.

मी ओरडले. माझा आवाज कातळावर आपटून परत आला.

सगळ्यांची बोटं चापावरून निघाली. काकांचंही निघालं. जुनी शिस्त. पण बोल्ट त्यांनी उघडला नाही. भरलेली रायफल तशीच पुढे तोंड करून धरून त्यांनी मान वळवली.

"काय गो? घर पेटलं का?"

"काका, बोल्ट उघडा. तुमच्या रायफलीत आमचा बोल्ट आहे."

"माझ्या रायफलीत माझाच बोल्ट आहे. तीन मारल्या. जा बघ जाऊन, तिन्ही एका रुपयाखाली झाकल्या जातील."

रेंज ऑफिसर धावत आला. तिशीपस्तिशीत काकांकडेच शिकलेला माणूस, आता केस पिकले तरी काकांसमोर कमरेत वाकून उभा राहतो. "सर, एकदा उघडून बघूया का?"

"उघडलं की ही गोळी बाद. स्पर्धेचा नियम आहे. तूच वाचून दाखवलास सकाळी."

"हो सर, पण..."

"सीज फायर धोका दिसला की म्हणायचं. कुठे आहे धोका? दाखव ना. आणि हिला कोणी पाठवलं ते मला माहीत आहे. तो बघ आला."

बाबा गेटमधून येत होते, रखवालदार पेटी धरून मागे. बाबांना दम लागला होता. "अरे, थांब. माझी चूक झाली. खंडेनवमीला मीच उलटे घातले बोल्ट."

काका हसले. पालथे पडून, भरलेली रायफल हातात, आणि हसले. "तू? तू नंबर वाचल्याशिवाय दुधाची पिशवी घेत नाहीस. चाळीस वर्षं बघतोय. आज तुला यायला जमलं नाही आणि माझा नेम लागला, हे बघवत नाही म्हण की. मधे आलास तरी गोळी माझी आहे."

आणि त्यांनी परत दस्त्यावर गाल टेकवला.

"सर, सीज फायर चालू आहे," रेंज ऑफिसर म्हणाला, पण अशा आवाजात, की जणू परवानगी मागतोय.

मी काकांच्या चटईपाशी गुडघ्यावर बसले. त्यांना हात लावता येत नव्हता. भरलेल्या रायफलीमागच्या माणसाला हात लावायचा नसतो. त्यांच्या कानाचं रक्षण करणारी बोंडं कानात होती, म्हणून मोठ्यानेच बोलावं लागलं. शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

"बाबांनी नाही. मी घातले. दोन्ही बोल्ट मी एका परातीत धुतले आणि नंबर न बघता घातले. बाबा तेव्हा तुमच्याशी गॅलरीत भांडत होते. आठवतंय?"

काकांचा गाल दस्त्यावरून उचलला गेला. फार नाही. दोन बोटं.

मागे कोणीतरी म्हणालं, "तपासणी खात्यात आहेत ना या?" मी वळून बघितलं नाही.

चटईवर तीन पुंगळ्या होत्या. पहिली उचलली. बुडापासून अर्ध्या इंचावर पितळेत चकचकीत रेघ, गोल फिरलेली, अंगठीसारखी. पितळ ताणली की अशी दिसते. दुसरीवर रेघ जास्त ठळक. तिसरीवर रेघेच्या एका बाजूला काळं होतं. मी ती काकांच्या उजव्या डोळ्यासमोर धरली नाही, त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याखाली ठेवली. "नखाने बघा."

त्यांनी नख फिरवलं. एका जागी नख अडकलं.

ती भेग किती होती ते मी नंतर मोजलं, पण आकडा इथे सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा नख अडकलं एवढंच पुरे होतं. चौथी गोळी नळीत होती.

काकांनी सावकाश बोल्ट उघडला. काडतूस चटईवर पडलं. त्यांनी बोल्ट पूर्ण बाहेर काढला, नंबर अंगठ्याने चाचपला आणि रेंज ऑफिसरच्या हातात दिला. "वाच."

"एकतीस, सर."

"हं." मग माझ्याकडे न बघता, "तुझ्या बापाला पाणी दे. तो पडेल."

बाबा बाकावर बसले होते. मी त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, "गाडीत का नाही बोललीस?" मी बाटली पुन्हा त्यांच्या हातात दिली.

दोन्ही रायफलींचे बोल्ट रेंज ऑफिसरसमोर अदलाबदल झाले. नंबर त्याने मोठ्याने वाचले, मी मोठ्याने वाचले, नोंदवहीत लिहिले. तरी काकांना उरलेल्या गोळ्या मारता येणार नव्हत्या. ताणलेल्या तीन काडतुसांनंतर रायफल कारागिराने तपासल्याशिवाय वापरायची नाही. दोन्ही रायफली पावती करून क्लबच्या शस्त्रागारात ठेवल्या. नोंदवहीच्या एका रकान्यावर 'कारण' असं होतं. रेंज ऑफिसर पेन घेऊन थांबला. मी सांगितलं तसं त्याने लिहिलं, माझ्या नावासकट, आणि मी सही केली.

सही करताना मला काकांचा चेहरा जवळून दिसला. उजव्या गालावर, डोळ्याच्या बरोबर खाली, मिरीच्या दाण्याएवढे दोन काळे ठिपके. आणि डोळा लाल.

"काका, डोळ्याला काय झालं?"

"काही नाही. तिसऱ्या गोळीला जरा गरम लागलं. धूळ असेल."

"कधीपासून पाणी येतंय?"

"तू आल्यापासून," ते म्हणाले. "माणसं बघून येतं."

मी बाबांना क्लबच्या जीपमध्ये बसवलं आणि काकांना माझ्या गाडीत. ते पुढे बसायला तयार नव्हते. मागे बसले, टोपी मांडीवर. कल्याणला येईपर्यंत मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते. बघत होते की नुसती मान वळवली होती, ते आरशातून कळत नव्हतं. एकदा विचारलं, "तो बोर्ड वाचता येतोय का?" ते म्हणाले, "रस्ता बघून चालव."

रविवारी डोळ्यांचे दवाखाने बंद. तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं, हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवायला लावली. केस पेपरवर लिहायला लागल्या. "कशाने झालं, आजोबा?"

"गॅसच्या शेगडीने."

"बंदुकीने," मी म्हटलं. "बोल्ट चुकीचा बसला होता. काडतुसाला भेग पडून गॅस मागे आला. बोल्ट मी बसवला होता."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "मग मला पोलिसांना कळवावं लागेल."

"घातलीस ना घाण," काका म्हणाले. "आता बसा संध्याकाळपर्यंत."

पण शेगडी म्हटलं असतं तर त्यांनी भाजल्याचं मलम दिलं असतं. पितळ शोधली नसती. त्यांनी पापणी उलटी केली, दिवा जवळ आणला आणि डोळ्याचा कोपरा न् कोपरा बघितला. मी भिंतीशी उभी होते. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं, म्हणून पाठीमागे ठेवले. मग त्या म्हणाल्या, "आहे. धातूचा कण आहे. पांढऱ्या भागात, बुबुळाच्या अगदी कडेला. आजोबा, आता अजिबात हलायचं नाही."

काका हलले नाहीत. चाळीस वर्षं श्वास रोखून चाप ओढलेला माणूस. सुई डोळ्याशी असताना त्यांचा शर्टसुद्धा हलत नव्हता. मीच श्वास घ्यायला विसरले आणि मग मोठ्याने घेतला. डॉक्टरबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी गेले नाही.

कण निघाला. त्यांनी तो कापसावर ठेवून दाखवला. डोळ्यात थेंब घातले, वीस मिनिटं मिटून ठेवायला सांगितलं. त्या वीस मिनिटांत एक हवालदार आला, माझा जबाब घेतला. परवाना, पावती, क्लबच्या वहीतल्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो, सगळं दिलं. त्याने दोनदा विचारलं, "म्हणजे चूक तुमची, असं लिहू?" दोनदा हो म्हटलं. तो म्हणाला, असा जबाब पहिल्यांदाच लिहितोय.

वीस मिनिटांनी डॉक्टरबाईंनी काकांचा गेलेला डोळा हाताने झाकला आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला.

"वरून सुरू करा. तिसऱ्या ओळीपर्यंत आलं तरी आज पुष्कळ."

काकांनी पहिली ओळ वाचली. दुसरी. तिसरी. चौथीला जरा थांबले, मग वाचली. पाचवी वाचली. मी प्रत्येक अक्षर त्यांच्याबरोबर तोंडातल्या तोंडात म्हणत होते. हवालदारही वही मिटून बघत होता.

शेवटची ओळ राहिली. काका काही बोलले नाहीत. डॉक्टरबाई वाट बघत होत्या. खोलीत पंख्याचा आवाज होता. काकांच्या डोळ्यातून थेंबाचं पाणी गालावर आलं, त्यांनी ते पुसलं नाही.

"काका?" मी म्हटलं. "दिसत नाहीये का?"

"दिसतंय," ते म्हणाले. "पण जरा राहू दे. तुलाही थोडं कळू दे."

डॉक्टरबाई हसल्या. मी हसले नाही. बराच वेळ गेल्यावर त्यांनी ती ओळ वाचली, शेवटून पहिल्या अक्षराकडे, उलटी, न अडखळता. मग टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. कळव्याला सोड. आणि या वेळी पुढे बसतो, तुझ्या गाडी चालवण्यावर कोणीतरी डोळा ठेवायला हवा."